मगरीचे रक्त आणि आपले रक्त

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हळदीकुंकू, गाणी आणि पाककृतींची स्पर्धा यांच्या पंक्तीला मगरीच्या रक्ताने येऊन बसावे, हे आपल्यापैकी कित्येकींना रुचले नसेल. फळ्यावर विषय लिहिला गेला तेव्हाच मागच्या रांगेतून "अगंबाई!" असा उद्गार निघाला, तो मी ऐकला. पण चिटणीसबाईंनी विषय निवडण्याची मला मोकळीक दिली, आणि जिचा जन्म प्राणिशास्त्र शिकविण्यात गेला तिची मोकळीक फिरून फिरून पाली-सरड्यांकडेच जायची, त्याला इलाज नाही.

शिवाय या विषयाला एक निमित्त घडले आहे. आपल्या ओळखीच्या एका घरी अशक्त मुलाला घोरपडीचे रक्त पाजण्यात आले. पाजणाऱ्याने सांगितले, "आता अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनीही हे मान्य केले आहे." या एका वाक्यापुढे घरातल्या शिकल्यासवरल्या माणसांचीही तोंडे बंद झाली. आजीने हट्ट धरला असता तर तिला अडाणी म्हणून गप्प बसविता आले असते. पण शास्त्रज्ञांचे नाव निघाल्यावर बोलायचे कोणी? तेव्हा अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना खरोखर काय सापडले आणि काय सापडलेले नाही, तेवढेच आज सांगायचे मी ठरविले आहे.

मगर आपल्याला परकी नाही. कृष्णेच्या पात्रात सांगलीच्या आसपास ती आहे, कोकणात चिपळूणच्या वाशिष्ठीत आहे. नदीकाठी राहणाऱ्यांना ठाऊक असेल की मगरी आपसांत फार भांडतात. एकमेकींचे पाय तोडतात, शेपटीचे लचके काढतात. आणि हे सारे चालते ते गढूळ, कुजक्या पाला-मांसाने भरलेल्या पाण्यात! आपल्याला पायाला खिळा लागला आणि तोच पाय गटारात पडला, तर दुसऱ्या दिवशी पाय सुजून लाल होईल. मगरीचा पाय मांडीपासून तुटतो, ती त्याच चिखलात लोळते, आणि कालांतराने जखम भरून ती पुन्हा शिकारीला निघते.

अमेरिकेच्या लुइझियाना प्रांतातील दलदलींत मगरीची एक चुलत बहीण राहते. तिला ॲलिगेटर म्हणतात. तिच्या जखमा अशाच भरून येतात हे तेथील लोक पिढ्यान्पिढ्या पाहत आले होते. लेक चार्ल्स या गावच्या मॅकनीज स्टेट विद्यापीठातील मार्क मर्चंट या रसायनशास्त्रज्ञाने मात्र नुसते पाहून सोडून दिले नाही. त्याने ॲलिगेटरचे थोडे रक्त काढून घेतले. रक्त भांड्यात ठेवले की गोठते, तांबडा गोळा बाजूला होतो आणि पिवळसर निवळ सुटते. दह्यावर पाणी सुटते, तसेच. या निवळीला रक्तरस म्हणतात. मर्चंटने तो रक्तरस निरनिराळ्या रोगजंतूंवर घालून पाहिला आणि शेजारी माणसाचा रक्तरस घेऊन तसाच प्रयोग केला. हे काम २००३ साली प्रसिद्ध झाले. जंतूंच्या २३ जाती तपासल्या होत्या. ॲलिगेटरच्या रक्तरसाने तेवीसच्या तेवीस मारल्या. माणसाच्या रक्तरसाने आठ. त्या तेविसांत औषधांना दाद न देणारे काही जंतूही होते. पुढे २००५ साली एड्सच्या विषाणूवरही काचेच्या नळीत त्याचा परिणाम दिसला, तेव्हा तर वर्तमानपत्रांना चेव चढला.

वर्तमानपत्रांनी तेवीस हा आकडा ठळक छापला. मला त्यातला आठ हा आकडा जास्त मोलाचा वाटतो. माणसाच्या रक्तरसाने, कोणतेही औषध न घालता, आठ जातींचे जंतू मारले! ही शक्ती आपल्या रक्तात आली कोठून? आपण ती मिळविण्यासाठी काही केलेले नाही. लस टोचून घेतली म्हणून ती आली नाही, की एखादा रोग होऊन गेला म्हणूनही आली नाही. ती जन्माबरोबर आली. हिलाच उपजत प्रतिकारशक्ती म्हणतात.

आपल्या शरीरात राखणीची दोन खाती आहेत. एक खाते कमावलेल्या प्रतिकारशक्तीचे. देवी, गोवर, कांजिण्या यांची ओळख शरीराला एकदा पटली की हे खाते त्या रोगाचा चेहरा लक्षात ठेवते, आणि पुढच्या खेपेस तो आला की नेमके त्यालाच पकडते. लस टोचतात ती या खात्याला शिकविण्यासाठी. काम चोख, पण संथ. नव्या रोगाची नोंद करून घ्यायला त्याला दिवसच्या दिवस लागतात. दुसरे खाते गावच्या जागल्यासारखे. जागल्याला चोराचे नाव-गाव ठाऊक नसते. रात्री वेळी-अवेळी, हातात कंदील नसलेला कोणीही दिसला की तो आरोळी ठोकतो आणि काठी उगारतो. उपजत शक्तीचे काम असे चालते. जंतूंच्या अंगावरची काही ठरावीक लक्षणे तिला ओळखता येतात, तेवढ्यावर ती तुटून पडते, आणि तीही काही मिनिटांत.

हा जागल्या प्रथम कोणाला दिसला ती हकिकत फार गोड आहे. एल्या मेचनिकॉफ नावाचा रशियन प्राणिशास्त्रज्ञ १८८२ साली इटलीच्या दक्षिणेस मेसिना गावी राहत होता. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतली माकडे पाहायला गेली आणि हा गृहस्थ सूक्ष्मदर्शक घेऊन घरीच बसला. तारामाशाची पिल्ले काचेसारखी पारदर्शक असतात. त्यांच्या अंगात काटा रुतला तर काय होईल, असा विचार त्याच्या मनात आला. बागेत जाऊन त्याने गुलाबाचे काटे आणले आणि पिल्लांच्या कातडीखाली सारले. त्या रात्री त्याला झोप आली नाही. सकाळी पाहतो तो काट्याभोवती हलत्या पेशींचा गराडा पडलेला! पू म्हणून आपण जे नाक मुरडून पुसून टाकतो, ते अशाच पेशींचे रणांगण असते. तारामाशाला ना रक्त ना मेंदू. पण जागल्या त्यालाही आहे. मेचनिकॉफला १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. घरची मंडळी सर्कशीला जाणे शास्त्राच्या इतके पथ्यावर पडल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

मेचनिकॉफने पेशी पाहिल्या. रक्तरसातली शक्ती निराळी. मेचनिकॉफच्याच प्रयोगशाळेत, पॅरिसला, झ्यूल बोर्दे नावाचा तरुण बेल्जियन काम करीत होता. त्याने १८९५ साली दाखविले की रक्तरस सुमारे ५६ अंशांपर्यंत तापविला की त्याची जंतू मारण्याची शक्ती जाते, आणि त्यात ताजा रक्तरस थोडासा मिसळला की ती परत येते. म्हणजे रक्तरसात उष्णतेने बिघडणारे असे काही प्रथिन असले पाहिजे. आज आपल्याला ठाऊक आहे की हे एक प्रथिन नसून तीसेक प्रथिनांची टोळी आहे. तिला पूरक प्रथिने म्हणतात. एक प्रथिन जंतूला चिकटले की ते दुसऱ्याला जागे करते, दुसरे तिसऱ्याला. शेवटी काही प्रथिने मिळून जंतूच्या अंगाला गोल भोक पाडतात. त्या भोकातून पाणी आत शिरते, जंतू भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखा टरारतो आणि फुटतो.

आता गंमत पाहा. ॲलिगेटरच्या रक्तरसातही हेच आहे काय, हे ठरविण्यासाठी मर्चंटने बोर्देचीच जुनी युक्ती वापरली. रक्तरस अर्धा तास ५६ अंशांवर ठेवला. शक्ती नाहीशी झाली! निरनिराळ्या कसोट्या लावून शेवटी तो याच निर्णयाला आला की मगरीच्या रक्तातली ही जादू बहुतांशी पूरक प्रथिनांचीच आहे. तुमच्या-माझ्या रक्तात आहेत तीच, फक्त अधिक जोरकस. मगर आपल्याहून निराळे हत्यार बाळगीत नाही. तिने जुने घरगुती हत्यारच जास्त पाजळून ठेवले आहे.

तिने तसे का ठेवावे? सरपटणाऱ्या प्राण्यांचे अंग बाहेरच्या हवेप्रमाणे थंड-गरम होते. त्यांचे कमावलेल्या शक्तीचे खाते आपल्या मानाने फारच सुस्त असते, आणि थंडीत तर आणखी सुस्तावते. शिकून-सवरून फौज उभी राहीपर्यंत प्राणी जगला पाहिजे ना! म्हणून त्यांची भिस्त जागल्यावर. या प्राण्यांचा आणि उष्णतेचा संबंध मिशिगन विद्यापीठातील मॅथ्यू क्लुगर याने फार सुरेख उलगडून दाखविला. त्याने अमेरिकेच्या वाळवंटातल्या इग्वाना नावाच्या सरड्यांना जंतू टोचले आणि एका बाजूला ऊब व दुसऱ्या बाजूला गारवा अशा जागी सोडले. आजारी सरडे आपण होऊन जास्त उबेला जाऊन बसले आणि त्यांनी अंगाचे तपमान सुमारे दोन अंशांनी वाढवून घेतले. सरड्याला आपल्यासारखा आतून ताप येत नाही. म्हणून तो उन्हात बसून ताप 'आणतो'. १९७५ साली त्याने दाखविले की ज्यांना उबेला ठेवले ते जास्त वाचले आणि ज्यांना गार ठेवले ते जास्त मेले. तापात शरीराची राखण अधिक जोमाने चालते, एवढा याचा अर्थ. येथे माता बसल्या आहेत म्हणून सांगते, तान्ह्या मुलाचा ताप तसाच राहू द्यावा असा अर्थ मात्र कृपा करून काढू नका. मूल सरडा नव्हे. त्याला ताप आला तर डॉक्टरांकडे न्यावे.

सरड्यापासून आपण पालीकडे येऊ, कारण ती घरचीच. केरसुणी उगारली की पाल शेपूट टाकून पळते. ती तुटलेली शेपूट वळवळते तेव्हा मुली किंचाळतात आणि मुलगे खूश होतात. मी मात्र वर्गात नेहमी सांगत असे, शेपटीकडे नको, पालीकडे बघा. तिच्या अंगावर उघडी जखम आहे. ती भिंतीच्या फटीत, धुळीत, झुरळांच्या सान्निध्यात राहते. तिला मलमपट्टी कोण करतो? तरी ती जखम चिघळत नाही आणि थोड्या आठवड्यांत नवी शेपूट येते. इटलीतील लोरेन्झो आलिबार्दी आणि त्यांचे सहकारी यांनी सरड्यांच्या जखमांचा बारकाईने अभ्यास केला. जखम होताच पांढऱ्या पेशी तेथे धावतात आणि आपल्या पोटातले जंतुनाशक द्रव्याचे कण तेथे रिते करतात, असे त्यांनी २०१२ साली दाखविले. या द्रव्याच्या जातीला डिफेन्सिन म्हणतात. आपल्या आतड्यांत, कातडीत आणि पांढऱ्या पेशींतही डिफेन्सिने आहेत.

ही द्रव्ये प्रथिनांचेच लहान तुकडे असतात. त्यांना पेप्टाइड म्हणतात. त्यांची कहाणी एका बेडकामुळे पुढे आली. मायकेल झॅसलॉफ नावाचे डॉक्टर आफ्रिकेतल्या बेडकांवर शस्त्रक्रिया करून, टाके घालून त्यांना पुन्हा हौदात सोडीत. हौदाचे पाणी जंतूंनी बुजबुजलेले, तरी जखमा स्वच्छ भरत. असे का, म्हणून त्यांनी शोध घेतला आणि १९८७ साली बेडकाच्या कातडीत दोन पेप्टाइडे सापडल्याचे जाहीर केले. हिब्रू भाषेत ढालीला जो शब्द आहे, त्यावरून त्यांनी त्यांचे नाव मॅगेनिन ठेविले. अशी पेप्टाइडे काम कसे करतात, तेही सांगते. जंतूच्या अंगावरच्या पापुद्र्यावर ऋण विद्युत्भार असतो आणि पेप्टाइडावर धन, त्यामुळे ते तेथे ओढले जाते आणि पापुद्रा विस्कटून टाकते. आपल्या पेशींच्या बाहेरच्या बाजूला तसा भार नसल्यामुळे त्या बहुधा बचावतात. 'बहुधा' हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. मात्रा वाढली की काही पेप्टाइडे आपल्या पेशींनाही सोडीत नाहीत.

आता घोरपडीकडे येते, कारण सारा घोटाळा तिच्यावरून झाला. इंडोनेशियात कोमोडो नावाचे बेट आहे. तेथे दहा-दहा फूट लांब घोरपडी असतात. आपल्या घोरपडीची ती थोरली जाऊ म्हणा. तिच्या लाळेत भयंकर रोगजंतू असतात आणि तिचा चावा त्यामुळे मारतो, असे पुष्कळ वर्षे पुस्तकांत छापले जात होते. २००९ साली तिच्या जबड्यात विषग्रंथी असल्याचे प्रसिद्ध झाले आणि ती जुनी समजूत ढासळू लागली. व्हर्जिनिया राज्यातील जॉर्ज मेसन विद्यापीठातले बार्नी बिशप आणि मोनिक व्हान हुक यांनी फ्लॉरिडातल्या एका प्राणिसंग्रहालयातील तुजा नावाच्या कोमोडो घोरपडीचे थोडेसे रक्त घेतले. तुजा जिवंतच राहिला. त्या रक्तातून त्यांनी ४८ पेप्टाइडे ओळखली. त्यांतली आठ प्रयोगशाळेत नव्याने बनवून जंतूंवर वापरून पाहिली, आणि सातांनी दोन्ही जातींच्या जंतूंना चांगला धाक दाखविला. रक्तात सापडलेल्या एका तुकड्याची थोडी फेरफार केलेली नक्कलही त्यांनी तयार केली. तिला डीआरजीएन-१ असे नाव आहे. उंदरांच्या चिघळलेल्या जखमांवर ती लावल्यावर जखमा लवकर भरल्या. हे सारे २०१७ सालचे. 'अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मान्य केले' ते एवढे. उंदरांच्या जखमेवर, प्रयोगशाळेत बनविलेल्या नकलेने.

घोरपडीचे रक्त पिऊन मुलाला काय मिळाले असेल? पेप्टाइड काय, पूरक प्रथिन काय, हे सारे अखेर प्रथिनच. आपण डाळ खाल्ली, अंडे खाल्ले, तर पोटात त्याचे जे होते तेच याचे होणार. जठरातला आम्लरस आणि पाचकरस यांना हे वरण की ते मगरीचे अस्त्र, हा भेद कळत नाही. ते सगळ्याचे तुकडे करतात. थायलंडमध्ये मगरींची शेती कायदेशीर आहे आणि तेथे वाळविलेल्या मगररक्ताच्या कॅप्सूलही विकतात. त्यांत लोह असेल, ते पालेभाजीतही असते. बरे, पोट टाळून ते रक्त शिरेत टोचले तर? मग तर अनर्थ. मगरीचा रक्तरस जंतू फोडतो तसा मेंढीच्या तांबड्या पेशीही फोडतो. किंबहुना त्याचा जोर किती हे प्रयोगशाळेत मेंढीच्या पेशींवरच मोजतात. जागल्याला गावातली माणसे ओळखू येतात, दुसऱ्या गावातली नाही. मगरीच्या जागल्यासाठी आपण सगळ्या दुसऱ्या गावच्या.

याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. ज्या प्राण्याच्या रक्तात जंतूंना थारा नाही, त्याच्याच आतड्यांत साल्मोनेला नावाचे जंतू सुखाने नांदतात. प्राण्याला त्यांचा काही त्रास नाही, माणसाला मात्र जुलाब, उलट्या आणि ताप. लहान मुलांत तर ते जिवावरही बेतते. अमेरिकेत मुले हौसेने इवलीशी कासवे पाळीत. त्यांपासून इतकी मुले आजारी पडली की १९७५ साली चार इंचांहून लहान कासव विकण्यास तेथील सरकारने बंदी घातली. तेथे कासव नुसते हाताळले जात होते; आपल्याकडे चाकूने कापून, त्याच हाताने, त्याच वाटीतून रक्त पाजले जाते. मी आरंभी सांगितलेल्या मुलाला पुढे जुलाब आणि ताप होऊन आठ दिवस दवाखान्यात काढावे लागले. ते त्या रक्तामुळेच झाले असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण कोणी तपासले नाही. पण त्याची अशक्तता त्या वाटीने गेली नाही एवढे नक्की. ती पुढे लोहाच्या औषधाने आणि दोन वेळच्या नीट जेवणाने गेली.

घोरपड मारणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि तो साधासुधा नव्हे. ती वाघाच्याच अनुसूचीत आहे. आठवड्याच्या बाजारात गुडघेदुखीवर सांड्याचे तेल म्हणून जे विकायला बसतात, तेही एका सरड्याची चरबी काढून केलेले असते. ज्यांचे पोटच त्यावर चालते त्या गरिबांना मी दोष देत नाही. पण विकत घेणाऱ्या आपणच ना? यशवंती घोरपडीची गोष्ट मुलांना रंगवून सांगायची आणि दुसरीकडे तिला वाटीत पिळायची, हे काही बरे दिसत नाही.

सरपटणाऱ्या प्राण्यांपासून औषध मुळी मिळतच नाही, असे मात्र समजू नका. अमेरिकेत हिला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा आहे. जॉन एंग या डॉक्टरांनी त्याच्या विषात एक पेप्टाइड शोधले आणि १९९२ साली ते जाहीर केले. त्याचीच प्रयोगशाळेत बनविलेली नक्कल २००५ साली मधुमेहावरचे औषध म्हणून तेथे मान्य झाली. शोधापासून औषधापर्यंत तेरा वर्षे. शेकडो रुग्णांवर कसोट्या. आणि ते घेतात टोचून. गिळले तर पचून जाते. त्या औषधासाठी एकही सरडा मारावा लागत नाही. उलट झॅसलॉफच्या बेडकाचे काय झाले ते पाहा. मॅगेनिनवरून मधुमेह्यांच्या पायाच्या जखमांसाठी एक मलम केले, पण ते चालू औषधापेक्षा सरस ठरल्याचे दिसेना, म्हणून १९९९ साली अमेरिकन सरकारने त्याला नकार दिला. मला हा नकार फार आवडतो. बाजारातला तेलवाला स्वतःच्या तेलाला कधी नकार देत नाही.

शास्त्रज्ञ मगरींच्या मागे लागले आहेत ते हौसेखातर नव्हे. आपल्या हातातली प्रतिजैविके, म्हणजे पेनिसिलिनपासूनची औषधे, एकेक करून बोथट होत आहेत. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात अंदाजे १२ लाख ७० हजार माणसे प्रत्यक्ष दगावली. बाळंतपण, सिझेरियन, ॲपेंडिक्सची शस्त्रक्रिया, यांची आपल्याला जी भीती उरलेली नाही ती या औषधांच्या जोरावर. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी बाळंतज्वराने घरे कशी रिकामी झाली, ते येथल्या वडीलधाऱ्या बायकांनी ऐकलेले असेल. आणि ही औषधे बोथट करण्यात आपल्या फळीवरच्या डब्याचाही हात आहे. मागच्या खेपेच्या उरलेल्या चार गोळ्या, शेजारणीने दिलेल्या दोन, सर्दी झाली की एक! सर्दी विषाणूंची. तिच्यावर ही गोळी चालतच नाही. सर्दीशी लढते ती नाकातली शेंबडाची भिंत आणि आतला जागल्या. शेंबडाला हसू नका. अलेक्झांडर फ्लेमिंगने पेनिसिलिनच्या आधी काही वर्षे, १९२१ साली, स्वतःच्या पडशाच्या शेंबडातच लायसोझाइम हे जंतू विरघळविणारे द्रव्य शोधले. मग ते अश्रूंत आहे काय हे पाहण्यासाठी त्याने सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबू पिळून अश्रू गोळा केले. ते अश्रूंत आहे, अंड्याच्या पांढऱ्यात आहे, आईच्या दुधातही भरपूर आहे. बाळंतिणीचे पहिले चिकाचे दूध पिळून टाकून द्यायची चाल कित्येक घरांत होती आणि काही ठिकाणी अजून आहे. मगरीचे रक्त लांबून आणायचे आणि घरचा चीक ओतून द्यायचा!

व्याख्यान संपत आले म्हणून चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यांतल्या दोहोंना उत्तर देते.

पहिली चिठ्ठी हुशार मुलीची दिसते. "सर्पदंशावरचे औषध घोड्याच्या रक्तापासून करतात. मग मगरीच्या रक्तापासून का करीत नाहीत?" मुंबईच्या हाफकिन संस्थेने हे काम पुष्कळ वर्षे केलेले आहे. त्यात घोड्याला सापाचे विष अगदी थोड्या मात्रेने, वाढवीत वाढवीत टोचतात. घोड्याचे शरीर त्या विषाचा चेहरा ओळखायला शिकते आणि नेमकी त्याच्यावरची प्रतिद्रव्ये तयार करते. ही कमावलेली शक्ती. ती वेचून, शुद्ध करून रोग्याला देता येते. तरीही घोड्याचे प्रथिन परके असल्यामुळे काहींना त्याची बाधा होते, म्हणून ते औषध दवाखान्यातच आणि डॉक्टरांच्या नजरेखालीच देतात. मगरीची शक्ती उपजत. ती कोणा एका शत्रूसाठी शिकविलेली नाही, तेव्हा तिला वेचून नेमकी कामाला लावणे त्या मानाने फार अवघड. म्हणून शास्त्रज्ञ सबंध रक्त सोडून त्यातला एखादा लहान तुकडा निवडतात आणि त्याची नक्कल करतात.

दुसरी चिठ्ठी सही न केलेली आहे. "दुधात पाल पडली तर ते दूध विषारी होते काय? पातेलेही टाकावे काय?" आपल्या घरांतली पाल विषारी नाही, हिंदुस्थानात विषारी पाल मुळी नाहीच. पण तिच्या विष्ठेत मघाचे ते साल्मोनेला असू शकतात आणि कोमट दूध त्यांना फार मानवते. म्हणून दूध ओतून द्यावे. पातेले साबणाने घासून उकळत्या पाण्याने खंगाळले की पुन्हा वापरायला हरकत नाही. नवे पातेले घ्यायचे मनात असेल तर खुशाल घ्या, पण यजमानांना सांगताना त्याचे खापर पालीवर फोडू नका.